वाळूवरचं माळरान राखायचं कसं: केप कॉड आणि बेटांवरच्या कुरणांसाठी कामाचा क्रम

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केप कॉडवरच्या जुन्या दफनभूमींत ऑगस्टच्या शेवटी एक गुलाबी, बोटाच्या पेराहून लहान फूल उमलतं. वनस्पतीचं नाव सँडप्लेन जेरार्डिया. रोप वीतभर उंच, आयुष्य एका हंगामाचं, आणि फूल सकाळी उमललं की त्याच दिवशी गळायचं. १९८८ साली अमेरिकेच्या संघराज्य सरकारनं तिला संकटग्रस्त म्हणून जाहीर केलं. मॅसॅच्युसेट्समध्ये ती टिकली होती ती अशा दफनभूमींच्या आधारानं. तिथलं गवत नेमानं कापलं जायचं, खत कुणी घालत नव्हतं, आणि ती जागा घेऊन बंगले बांधायलाही कुणी येत नव्हतं.

ही माळरानं राखण्याचं अर्धं शास्त्र या तीन गोष्टींत येतं. उरलेलं अर्धं मात्र कष्टाचं आहे. बोस्टन, न्यू जर्सीकडे राहणारे आणि सुटीच्या दिवशी संवर्धन संस्थांत स्वयंसेवक म्हणून जाणारे मराठी वाचक, किंवा केपवर एखादा जमिनीचा तुकडा बाळगून असणारे, यांच्यासाठी हा लेख आहे. सोलापूर-बारामतीच्या माळांवर काम करणाऱ्यांनाही यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. कुंपण घालून मोकळं सोडलं की हे माळरान वाचत नाही. हकलबेरी, बेबेरी आणि झुडपी ओक ही झुडपं कडेनं आत सरकतात, मागून पिच पाइन येतो, आणि बघता बघता गवत सावलीत जातं. राखणदारीपेक्षा इथं मशागत जास्त लागते, आणि ती कोणत्या महिन्यात करता यावर बहुतेक सगळं ठरतं.

आधी जमीन ओळखा

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी उत्तरेकडून सरकत आलेला बर्फाचा प्रचंड थर इथं येऊन थांबला. तो वितळताना पाण्याबरोबर वाळू आणि गोटे पसरत गेले. लाँग आयलंड, ब्लॉक आयलंड, मार्थाज व्हिनयार्ड, नंटकेट आणि केप कॉड हे सगळे त्या काळाचे अवशेष. या वाळूत पाणी थांबत नाही, नत्र आणि चुना नावापुरता, सामू (pH) साधारण ४ ते ५, आणि वर समुद्राकडून खारं वारं. अशा जमिनीत जोमदार वनस्पतींचं काही चालत नाही. थोडक्यात भागवणाऱ्या अनेक जाती मग शेजारी शेजारी नांदतात.

चांगल्या तुकड्यावर गुडघे टेकून बसून बघा. लिटल ब्ल्यूस्टेम गवताचे थोंब एकमेकांपासून हातभर सुटे असतात. जूनमध्ये निळसर हिरवे, ऑक्टोबरमध्ये तांबूस. हे गवत आपल्या कुसळी आणि मारवेलच्याच जमातीतलं. थोंबांच्या मधल्या जागेत उघडी वाळू, राखाडी दगडफूल, पेनसिल्व्हेनिया सेजची बारीक पाती, कुठं बेअरबेरीची जमिनीला चिकटलेली वेल. ही मधली उघडी जागा म्हणजेच माळरानाचा जीव. जेरार्डियाचं बी धुळीसारखं बारीक असतं, ते रुजतं ते इथंच. तिची मुळं पुढं शेजारच्या ब्ल्यूस्टेमच्या मुळांतून थोडा रस ओढून घेतात. वाळक्या गवताचा जाड थर या जागेवर बसला की दुसऱ्याच वर्षी जेरार्डिया दिसेनाशी होते, कारण मागच्या वर्षीचं रोप तर मेलेलंच असतं.

याच जागांवर रुईच्या कुळातली नारिंगी बटरफ्लाय वीड, न्यू इंग्लंड ब्लेझिंग स्टार, सँडप्लेन ब्ल्यू-आइड ग्रास आणि पिवळी वाइल्ड इंडिगो वाढते. वाइल्ड इंडिगोवर फ्रॉस्टेड एल्फिन या छोट्या फुलपाखराच्या अळ्या जगतात. जमिनीवर घरटं करणारी ग्रासहॉपर स्पॅरो इथं असते. हिवाळ्यात आपल्या माळांवर येणाऱ्या भोवत्यांचा भाऊबंद, नॉर्दर्न हॅरियर, इथं गवतालगत घिरट्या घालतो. आणि आखूड कानाचं घुबड तर तेच, जे थंडीत महाराष्ट्राच्या माळांवरही उतरतं.

यातलं 'मूळचं' किती, हा इथला जुना वाद. तळ्यांच्या गाळातले परागकण सांगतात की युरोपीय लोक येण्याआधी इथं बहुतेक ओक-पाइनची राई होती आणि मोकळं गवत थोडं. इथले मूळ रहिवासी वांपानोआग लोक आगीचा वापर कितपत करत, यावर २०२० मध्ये एका अभ्यासानं 'फारसा नाही' असं म्हटलं आणि वाद पुन्हा पेटला. १६५९ पासून नंटकेटवर वसाहत झाली, सामायिक कुरणांवर हजारो मेंढ्या चरू लागल्या, आणि माळ पसरला हे मात्र खरं. माझ्या मते कामाच्या दृष्टीनं याचा अर्थ एवढाच, की १६०० सालचं चित्र हुडकत बसू नये. या जातींना आज दुसरीकडे जागा उरलेली नाही, तेवढं कारण पुरतं. लाँग आयलंडवरचं हेम्पस्टेड प्लेन्स एकेकाळी सुमारे ४०,००० एकर होतं. १९२७ मध्ये वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग तिथल्याच रूझवेल्ट फील्डवरून पॅरिसला उडाला. आज त्या माळातले थोडेसे एकर शिल्लक आहेत, त्यातला १९ एकरांचा तुकडा एका कॉलेजच्या आवारात.

पहिलं वर्ष: पाहणी आणि परवानग्या

पहिल्या हंगामात यंत्र आणू नका. मे ते ऑक्टोबर दर दोन-तीन आठवड्यांनी फिरा, कारण मेमध्ये फुलणारी जात सप्टेंबरात ओळखू येत नाही, आणि जेरार्डिया तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत गवतात लपलेलीच असते. नकाशावर तीन प्रकार वेगळे रंगवा: चांगलं गवत जिथं झुडपं नुकती शिरली आहेत, झुडपांनी किंवा पाइननं पूर्ण झाकलेली जागा, आणि जुनी शेतजमीन. तिन्हींची वाट वेगळी. पैसा आणि माणसं मोजकी असतील तर पहिल्या प्रकारापासूनच सुरुवात करा. झाकलेल्या दहा एकरांशी झुंजण्यापेक्षा चांगला एक एकर राखणं स्वस्त पडतं, आणि बी मिळणार तेही तिथूनच.

जमिनीचे नमुने तिन्ही भागांतून वेगवेगळे घ्या. सामू आणि स्फुरद या दोन आकड्यांवरून शेतीचा इतिहास कळतो.

मॅसॅच्युसेट्समध्ये दुर्मिळ जातींच्या नोंदी असलेल्या जागेवर काम करायचं तर राज्याच्या नॅचरल हेरिटेज अँड एन्डेंजर्ड स्पीशीज प्रोग्रॅमशी आधी बोलावं लागतं. पाणथळ जागा जवळ असेल तर गावच्या कॉन्झर्व्हेशन कमिशनशीही. ही मंडळी अडवायलाच बसली आहेत असं समजू नका. कोणत्या कोपऱ्यात काय फुलतं याच्या जुन्या नोंदी त्यांच्याकडेच असतात.

झुडपं: हत्यार कोणतं यापेक्षा महिना कोणता

हकलबेरी आणि झुडपी ओक यांची खरी ताकद जमिनीखाली असते. हिवाळ्यात सगळा साठा मुळांत आणि आडव्या खोडांत उतरलेला असतो. मार्चमध्ये तुम्ही झुडूप कापलंत किंवा जाळलंत तर त्याची तिजोरी शाबूतच राहते. मेमध्ये ते दुप्पट फांद्यांनी उठतं. जूनअखेर पानं पूर्ण फुटून होतात, तेव्हा हा साठा सर्वांत कमी असतो. त्या वेळचा घाव वर्मी बसतो. नंटकेटवर १९८० च्या दशकापासून जाळणी आणि कापणीची तुलना करणारे भूखंड राखले गेले. तिथला आणि इतर ठिकाणचा अनुभव हेच सांगतो: एकट्या वसंतातल्या जाळणीनं झुडपं हटत नाहीत.

म्हणून कापणी जुलैच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत. ग्रासहॉपर स्पॅरोची पिल्लं बहुतेक तोवर उडालेली असतात. लागोपाठ दोन उन्हाळे कापा, मध्ये एक वर्ष सोडलं तर मुळांना पुन्हा साठा करायला सवड मिळते. कापलेला पाला जागेवर ठेवू नका. तो बाहेर न्या, नाहीतर उघड्या वाळूवर पांघरूण घातल्यासारखं होतं आणि वर नत्रही वाढतं. हे काम सगळ्यांत कंटाळवाणं आहे आणि स्वयंसेवक इथंच गळतात. दातेरी फावडी भरपूर ठेवा आणि सकाळी लवकर सुरू करा.

केपवर ईस्टर्न बॉक्स टर्टल नावाचं कासव आहे आणि ते उन्हाळ्यात गवतात फिरत असतं. यंत्राचं पातं निदान सात इंच वर ठेवा आणि यंत्रापुढं माणसांची रांग चालत जाऊ द्या. झुडपांसाठी उन्हाळा हवा आणि कासवांसाठी हिवाळा, हा पेच पूर्ण सुटत नाही. कासवं नक्की आहेत तिथं छोट्या पट्ट्यांत, ब्रश कटरनं काम करा.

जेरार्डिया किंवा ब्लेझिंग स्टार फुललेली असेल तो भाग दोरी बांधून त्या वर्षी सोडा. पाइन मात्र कधीही कापला तरी चालतो, पण पिच पाइन बुंध्यातून पुन्हा फुटतो; अगदी जमिनीलगत कापा.

आग

गवताचा वाळका थर काढायला आणि वाळू उघडी करायला आगीसारखं दुसरं साधन नाही. पण इथं एकट्यानं काडी ओढायची सोयच नाही, आणि ते बरंच आहे. लेखी जाळणी-योजना, अग्निशमन दलाची परवानगी, प्रशिक्षित प्रमुख आणि त्याची तुकडी हे सगळं लागतं. वाऱ्याचा वेग आणि दिशा, हवेतली आर्द्रता, धूर कुठं जाईल याच्या मर्यादा आधी लिहिलेल्या असतात. त्यातली एक जरी चुकली तरी दिवस रद्द. वर्षात असे योग्य दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच मिळतात, तेव्हा तुकडी आणि जाळरेषा दोन्ही आधीपासून तयार हव्यात.

जाळरेषा म्हणजे कडेनं गवत पूर्ण कापून आणि वाळका पाला ओढून केलेला रुंद पट्टा. आग आधी वारा ज्या कडेकडे वाहतो तिथं लावतात. ती वाऱ्याच्या विरुद्ध सावकाश मागं सरकते आणि काळा पट्टा रुंद करत जाते. तो पुरेसा झाला की मग दोन्ही बाजू, आणि शेवटी वाऱ्याच्या दिशेनं धावणारी आग, जी त्या काळ्या पट्ट्याला येऊन विझते. हकलबेरीच्या पानांत राळेसारखा अंश असतो, हिरवी असतानाही ती भडकते. त्या गचपणापाशी जाळरेषा दुप्पट रुंद ठेवा. विझल्यावर राखेत हात घालून तपासतात, कारण वाळूवरच्या कुजलेल्या थरात धग तासन् तास दबून राहते.

मार्च-एप्रिलची आग सोपी. तिनं थर जातो, फुलं वाढतात, झुडपं मात्र परततात. ऑगस्टची आग झुडपांना भारी, पण हिरवं गवत नीट जळत नाही, आणि बेटं तेव्हा पर्यटकांनी भरलेली असतात. व्यवहारात जमणारा क्रम असा: दोन उन्हाळे कापणी, मग वसंतात एक जाळणी, पुढं दर तीन-चार वर्षांनी आलटून पालटून.

एका वर्षी एक तृतीयांशापेक्षा जास्त क्षेत्र कधीही जाळू नका. अळ्या आणि कोश वाळक्या पाल्यात असतात. शेजारचा तुकडा शाबूत असेल तरच ते परत पसरतात. पक्ष्यांच्या बाबतीत याचा धडा मार्थाज व्हिनयार्डवर फार महाग पडला. हीथ हेन या माळकोंबडीसाठी १९०८ मध्ये तिथं राखीव क्षेत्र केलं, संख्या वाढत सुमारे २,००० वर गेली, आणि मे १९१६ मध्ये, ऐन विणीच्या काळात, मोठा वणवा आला. पुढं शिकारी पक्षी, रोगराई, आपसातलं प्रजनन यांची भर पडली. १९३२ मध्ये शेवटचा एकटा नर दिसला, त्यानंतर कुणी नाही. सगळी जात एकाच बेटावर आणि आग एकाच दिवशी, असं झालं की असंच व्हायचं.

त्याच राखीव क्षेत्राचं पुढं राज्य वन झालं आणि तिथं पाइनच्या रांगा लावल्या गेल्या. नान्नजच्या माळढोक अभयारण्याची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांना हे वाचून कसंसंच होईल. माळ दिसला की त्यावर झाडं लावायचा सरकारी सोस दोन्ही खंडांत सारखाच. व्हिनयार्डवर आता त्या लागवडी काढण्याचं काम झालं आहे, आणि ते लावण्याहून कितीतरी खर्चिक.

हे वाचून कुणी कोकणातल्या सड्यावर किंवा देशावरच्या माळावर काडी लावू नये. तिथला पाऊस, गवत आणि घरट्यांचा काळ वेगळा, आणि राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे.

मेंढ्या

इतिहास मेंढ्यांचा असला तरी आज त्या जपून. त्या झुडपांआधी नाजूक फुलझाडं खातात. पाणी, विजेचं कुंपण आणि रोजचा गुराखी लागतो. हकलबेरीला तर त्या शक्यतो तोंडच लावत नाहीत. कोवळी फूट खाण्यासाठी शेळ्या, लहान वाड्यात, थोडे दिवस, फुलं नसतील तिथं, एवढा उपयोग धरा.

जुनं शेत परत माळ करायचं असेल तर

हे काम सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत शिकवणारं. शेतकऱ्यानं पन्नास-शंभर वर्षं चुना आणि खत घातलेलं असतं. सामू साडेपाच-सहाच्या वर, स्फुरद भरपूर. ऑर्चर्ड ग्रास, स्वीट व्हर्नल ग्रास, फेस्क्यू अशी युरोपातून आलेली कुरणगवतं एप्रिलमध्येच उठतात आणि मेअखेर जाग येणाऱ्या ब्ल्यूस्टेमला जागाच देत नाहीत. अशा ठिकाणी नुसतं बी फेकलं तर पाखरांची सोय होते, बाकी काही नाही. मार्थाज व्हिनयार्डवर नेचर कन्झर्व्हन्सी या संवर्धन संस्थेनं आणि संशोधकांनी जुन्या शेतजमिनीवर केलेल्या कामातून जी दिशा दिसते ती अशी.

एप्रिलअखेर पहिली नांगरट, उथळ. मग तीन-चार आठवडे थांबा. तण उगवू द्या आणि उगवलं की कुळवाची पाळी द्या. असं उन्हाळाभर तीन-चारदा. पेरणीआधी पाळ्या घालून तणाचं बी संपवणारे आपले शेतकरी हेच करतात, फरक इतकाच की इथं पिकाऐवजी रानगवत यायचं आहे. मुळांनी पसरणारं हट्टी गवत असेल तर एखाद्या वेळी तणनाशकावाचून भागत नाही. ते टाळायचंच ठरवलं तर अर्धा एकरापर्यंत काळा प्लॅस्टिक कागद एक पूर्ण उन्हाळा अंथरून ठेवा.

सामू उतरवायला गंधकाची पूड. जमिनीतले जिवाणू तिचं हळूहळू आम्ल करतात, सामू खाली येतो आणि आयात गवतं मागं पडतात. मात्रा आपापल्या माती परीक्षणावरून ठरवा, आधी दहा फुटी चौकोनात करून बघा, आणि परिणामासाठी वर्षभर थांबा. चुना, शेणखत, कंपोस्ट यातलं काहीही नको. बागकाम करणाऱ्या माणसाचे हात इथं शिवशिवतात, पण या जमिनीला उपाशी ठेवणं हीच तिची सेवा.

पेरणी नोव्हेंबरात. बऱ्याच जातींच्या बियांना थंड, ओल्या मातीत महिने काढल्याशिवाय रुजायला येत नाही, तो हिवाळा फुकट मिळतो. ब्ल्यूस्टेमचं बी केसाळ असतं, पेरणीयंत्रात अडकतं. ओलसर वाळूत मिसळून हातानं फेका आणि वरून रोलर फिरवा. मातीआड करू नका, मातीला नुसतं चिकटलं की झालं.

पहिलं वर्ष बघवत नाही. हॉर्सवीड, रॅगवीड, क्रॅबग्रास यांचं रान माजतं आणि शेजारी विचारतात, हे काय करून ठेवलंत. तण गुडघ्यापर्यंत आलं की आठ इंचावर कापा, बी धरू देऊ नका. ब्ल्यूस्टेम खाली दोन पानांचं दिसतं, पण मूळ खोल जात असतं. थोंब ओळखू येतात दुसऱ्या वर्षी, तुरे बहुधा तिसऱ्या. जेरार्डियाचं बी त्यानंतरच टाका; यजमान गवताशिवाय ती तग धरत नाही. तिला हात लावण्यासाठी अर्थातच वेगळी परवानगी लागते.

बी कुठून आणायचं

बाजारात मिळणारं ब्ल्यूस्टेमचं बी बहुतेक मध्य-पश्चिमेच्या प्रेअरीतलं असतं. रोपं उंच होतात, दाट वाढतात आणि मधली उघडी वाळू झाकून टाकतात. शक्यतो त्याच बेटावरचं किंवा त्याच किनाऱ्यावरचं बी घ्या. एका जागेवरून दहा टक्क्यांहून जास्त ओरबाडू नका आणि सगळं एकाच दिवशी, एकाच थोंबातून नको. ब्ल्यूस्टेम ऑक्टोबरात, कोरड्या दुपारी, मुठीत देठ धरून वर ओढलं की बी हाती येतं. वाइल्ड इंडिगोच्या शेंगा काळ्या पडल्या की लगेच काढा. सोंडकिडे तुमच्या आधी पोचलेले असतात. तिचं कवच टणक, वापरण्याआधी सँडपेपरवर हलकं घासा. कागदी पिशवीत, तारीख आणि जागा लिहून ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते.

या सगळ्या कामात गोचिड्यांपासून जपा. केप आणि बेटांवर लाइम आजार सर्रास आहे. फिकट रंगाची पँट मोज्यांत खोचा, परमेथ्रिन हे कीटकनाशक लावलेले कपडे वापरा, आणि संध्याकाळी गुडघ्यामागं, काखेत, केसांत तपासून मगच गाडीत बसा.

नोंदी

प्रत्येक भागात एक मीटर बाय एक मीटरचे कायमचे चौकोन आखा, कोपऱ्यात लोखंडी खुंट्या ठोका. दरवर्षी त्याच आठवड्यात चार गोष्टी लिहा: उघडी वाळू किती टक्के, झुडपं किती, ब्ल्यूस्टेमचे थोंब किती, आणि दुर्मिळ जातींची रोपं मोजून किती. शेजारी एक तुकडा काहीही न करता ठेवा, नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय तुम्हीच घेऊन मोकळे व्हाल. त्याच खुंटीवरून त्याच दिशेला फोटो.

दोन उन्हाळी कापण्यांनंतरही झुडपांचं प्रमाण उतरत नसेल तर जाळणीची तारीख पुढं ढकला आणि तिसरी कापणी जुलैच्या शेवटी घ्या. झुडपं कमी झाली पण उघडी वाळू वाढली नाही, तर अडचण थराची आहे. जाळणीचा दिवस मिळत नसेल तर दातेरी फावड्यानं हातभर रुंदीचे पट्टे वाळू दिसेपर्यंत ओरबाडा. दोन्ही झालं आणि तरी फुलं नाहीत, तर तिथल्या मातीत बी उरलेलं नाही. मग ऑक्टोबरात कागदी पिशव्या घेऊन शेजारच्या चांगल्या तुकड्यावर जावं लागेल, त्याची परवानगी ऑगस्टमध्येच मागून ठेवा.